थोरल्यांचा पाट

आमच्या ‘उघडं कपाट’ या संकेतस्थळावर प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक ओळ असते: ‘घ्या, बदला, वाटा, विचारायची गरज नाही.’ ती ओळ मी लिहिली आहे आणि तिचा मला फार अभिमान होता. लेखक मरून पन्नास वर्षं झाली की आमच्याकडे त्याच्या पुस्तकावर कुणाची मालकी राहत नाही. मग आम्ही, म्हणजे बिश्केकमधले चार रिकामटेकडे, ते पुस्तक शोधतो, पानांचे फोटो काढतो, मजकूर टाइप करतो आणि फुकट ठेवून देतो. माझी बायको म्हणते, “शायलो, जगात फुकट राबणारे दोनच. एक गाढव आणि दुसरा तू. त्यातही गाढवाला निदान गवत मिळतं.”

पुस्तक ठेवून आठवडा होत नाही तोच ते इतरांकडे दिसू लागतं. कुणी ते फोनच्या साच्यात बसवतो, कुणी छोट्या वाचनयंत्राच्या, कुणी लिपीच बदलून टाकतो, कुणी यंत्राच्या आवाजात वाचून घेतो. यात माणूस कुठेच नसतो. एका यंत्राने उचलायचं, दुसऱ्याने बदलायचं, तिसऱ्याने पोटाचा घेर कमी करण्याच्या जाहिरातीखाली मांडायचं. आमची पहिली ओळ तेवढी गळते, आणि टाइप करणाऱ्याचं नावही. आयत्या बिळावर नागोबा! एका ठिकाणी तर आमच्याच पुस्तकाखाली ‘या मजकुराची नक्कल करण्यास सक्त मनाई आहे’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. तरी मी चिडत नसे. म्हणजे, घरी चिडत असे. चारचौघांत मात्र म्हणत असे, “पसरू द्या. एका कपाटातलं पुस्तक जळतं, शंभर कपाटांतलं जळत नाही.” हे वाक्य लोकांना आवडायचं आणि मला तर फारच.

तेच वाक्य मी उच-काइन गावातल्या कादिर अतांना, म्हणजे कादिर आजोबांना, ऐकवलं, आणि त्यांनी छपरातून एक पुस्तक काढून माझ्या हातात ठेवलं.

पुस्तकाचं नाव ‘चढावरचं पाणी’. लिहिणारा ओसमोनकुल दोओतोव नावाचा एक वर्तमानपत्रवाला. तिसाच्या दशकात तो या गावात एक उन्हाळाभर राहिला आणि देरकेम्बाय नावाच्या तरुणाने टेकडीपलीकडचं पाणी गावात कसं आणलं ते त्याने लिहिलं. देरकेम्बायकडे मोजमापाचं एकही यंत्र नव्हतं. लाकडी वाडगा काठोकाठ भरायचा, जमिनीवर ठेवायचा आणि पाणी कुठल्या बाजूने सांडतं ते बघत पुढे सरकायचं, असा त्याने सगळा पाट आखला. गाव हसलं, पाणी कधी चढ चढतं का म्हणालं, आणि मग तेच पाणी प्यायला लागलं. सदतीस साली पहाटे सरकारी गाडी आली नि देरकेम्बायला घेऊन गेली. तो परत आला नाही. पुस्तक ग्रंथालयांतून काढून जाळलं. देरकेम्बायच्या बायकोने ही एक प्रत मेंढवाड्याच्या छपरात खुपसली, म्हणून उरली. कादिर अता तेव्हा पाळण्यात होते.

“पोरा, माझ्या बापाला कबर नाही,” कादिर अता मला म्हणाले. “सणाला लोक आपापल्या थडग्यांवर जातात, दुवा म्हणतात. मी कुठं जाऊ? आता पाटाचा दरवाजा नवा बांधलाय, पाटाला नाव द्यायचं चाललंय. तिथं बापाचं नाव लागलं, तर त्या पाटीपाशी बसून दुवा म्हणेन. माझं हृदय काही फार दिवस चालायचं नाही.”

“पंचायत काय म्हणते?”

“पुरावा आणा म्हणते. पुस्तकात आहे म्हटलं तर म्हणते, छपरातलं पुस्तक काय, कुणीही आणेल.”

“मग ते जगभर करू,” मी म्हणालो. माझी छाती फुगली होती हे नाकारत नाही.

अडचण अक्षरांची होती. त्या काळी आमची भाषा लॅटिन अक्षरांत लिहीत. पुढे वरून हुकूम आला नि त्यांच्या जागी रशियन अक्षरं आली. पानांवर छपराचे डाग, त्यात ही अक्षरं, त्यामुळे यंत्राने वाचायला घेतलं की नुसता चिवडा निघायचा. ती अक्षरं भराभरा वाचणारं माणूस गावात एकच, आणि ते त्याच घरात होतं. कादिर अतांची बायको, सेइल आपा. तिची सासू तेवढीच अक्षरं शिकली होती आणि जन्मभर सुनेला त्याच अक्षरांत चिठ्ठ्या लिहायची. त्यात आपा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात टंकलेखिका होती. मी पाठवलेल्या संगणकावर तिने अख्खं पुस्तक टाइप केलं, तेही मेंढ्यांचं दूध काढून, भाकऱ्या भाजून, नातवंडांना दटावून. पहिलं प्रकरण मी पानांशी ताडून पाहिलं. एक चूक नाही. त्या प्रकरणात दोओतोव घोड्यावरून खिंड ओलांडत होता, गावात पोचलाही नव्हता. अशा बाईचं पुढचं काय तपासायचं, म्हणून मी पुस्तक कपाटात ठेवलं.

आणि ते पसरलं. इतकं पसरलं की माझी बायकोसुद्धा गप्प झाली. फोनवर आलं, वाचनयंत्रांवर आलं, कुणीतरी यंत्राकडून तुर्की करून घेतलं. एकाने मुखपृष्ठावर उंट आणि खजुराचं झाड टाकलं; आमच्या बर्फातल्या गावाला ते पाहून जरा ऊब आली असेल. कादिर अतांना मोतीबिंदू आहे, त्यामुळे त्यांनी ते यंत्राच्या आवाजात ऐकलं. फोन करून रडले. “पोरा, बापाची गोष्ट घरात बोलली गेली रे,” म्हणाले.

महिन्याभराने पंचायतीचा अध्यक्ष एमिलबेक याचा फोन आला. पोरगा तिशीतला, शिकलेला, बोलायला गोड, वडीलधाऱ्यांना अदबीने ‘अगाय’ म्हणणारा.

“अगाय, पुस्तक वाचलं. छान आहे. पण त्यात देरकेम्बाय कुठंय?”

“कुठंय म्हणजे? पानोपानी आहे.”

“पानोपानी ‘थोरले’ आहेत. थोरल्यांनी वाडगा भरला, थोरले टेकडीवर चढले, थोरल्यांना गाव हसलं. हे थोरले कोण? इथं तीन घरं भांडायला लागलीत. साग्यन अता म्हणतात, आमच्या आजोबांनाच थोरले म्हणायचे.”

मी फोन ठेवला आणि पानांचे फोटो काढून बसलो. एकेक अक्षर लावत वाचलं. कागदावर स्वच्छ देरकेम्बाय होतं. आमच्या कपाटात थोरले होते. दुसऱ्या दिवशी मी भाड्याच्या गाडीत चार माणसं आणि एक बोकड यांच्यामध्ये बसून उच-काइन गाठलं.

आपा भाकरी फोडून माझ्यापुढे मांडत होती. साय ठेवली, चहा ओतला. मी वाटीला हात न लावता विचारलं, “आपा, हे थोरले कुठून आले?”

“कुठून म्हणजे? आमचे थोरले. यांचे वडील.”

“पण पुस्तकात नाव आहे ना!”

“आहे.”

“मग ते का नाही लिहिलं?”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहात थुंकलोय. “शायलो, तुझी आई सून नव्हती का कुणाची? सासऱ्याचं नाव घेऊ मी? ह्या तोंडाने?”

“तोंडाने कुठं? बोटांनी लिहायचं होतं.”

“बोटं काय शेजारणीची आहेत?”

माझी आईही अशीच. सासऱ्याचं नाव तर नाहीच, त्या नावासारखा शब्द आला तरी दुसरा वापरायची. हे मला ठाऊक होतं, सगळ्या देशाला ठाऊक आहे, आणि तरी मी एका सुनेला सासऱ्याचं चरित्र टाइप करायला दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“निदान मला सांगायचंत तरी,” मी म्हणालो.

“सांगायला नाव घ्यावं लागलं असतं,” आपा म्हणाली आणि माझा गार झालेला चहा ओतून गरम दिला.

तिने सासऱ्याला कधी पाहिलंही नव्हतं. ती घरात आली तेव्हा त्यांना नेऊन वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली होती. सासूने पहिल्याच दिवशी बजावलं, थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि तिने ते पाळलं. सासू तर नवऱ्याचं नाव घेणार नव्हतीच. बाकीच्यांनी भीतीने घेतलं नाही. त्या वर्षांत अख्खा गावच त्यांची सून झाला होता. सरकारने कात्री लावून, होळी करून जे नाव पुरतं पुसता आलं नाही, ते या माउलीने निव्वळ आदरापोटी पुसलं होतं, आणि मी ते जगभर वाटलं होतं, विचारायची गरज नाही म्हणून.

कादिर अता भिंतीला टेकून ऐकत होते. “मला ऐकताना काही वाटलंच नाही,” ते हळूच म्हणाले. “घरात थोरलेच म्हणतात. मला वाटलं, यंत्रालाही रीत कळते.”

मी बिश्केकला परतून आमची प्रत दुरुस्त केली. मग ज्यांनी ज्यांनी उचलली होती त्या सगळ्यांना पत्रं लिहिली. बहुतेकांकडे पत्र वाचणारं कुणी नव्हतंच. एकाकडून ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’ असं यंत्राने कळवलं. एकाने सुधारलेली प्रत उचलली आणि जुनीच्या शेजारी नवं पुस्तक म्हणून ठेवली, पुन्हा त्याच उंटासह. आणि एकाने, बहुधा खऱ्या माणसाने, लिहिलं: ‘आपली प्रत सर्वत्र प्रचलित असलेल्या पाठाशी जुळत नाही. जुन्या पुस्तकांशी कृपया खेळू नये.’ चोराच्या उलट्या बोंबा! मी ते पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “शंभर कपाटांतलं जळत नाही, नाही का?” तिने हे वाक्य इतक्या गोड आवाजात म्हटलं की जेवण जाईना.

पंचायतीची बैठक शाळेच्या खोलीत भरली. मी कागदी पुस्तक घेऊन गेलो. अध्यक्ष एमिलबेकसमोर फोन होता, आणि पांढऱ्या लोकरी नमद्याच्या टोप्या घातलेले म्हातारे रांगेने बसले होते. त्यांच्या मध्यभागी साग्यन अता. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं.

“हे जर्मन आहे,” ते म्हणाले.

“आपलीच भाषा आहे अता, अक्षरं जुनी आहेत.”

“मला वाचता येत नाही म्हणजे आपली नाही.”

एमिलबेक समजुतीने म्हणाला, “अगाय, तुमचं चुकतंय असं नाही म्हणत मी. पण बघा, सगळीकडे थोरले आहेत. एकट्या तुमच्याकडे देरकेम्बाय. तेही परवापासून. उद्या कुणी माझ्यावर तक्रार केली तर मी किती ठिकाणी बोट दाखवू?”

“ती सगळी माझ्याच प्रतीच्या नकला आहेत!”

“तेच तर. मग तुमच्या प्रतीत आधी थोरलेच होते ना?”

पोरगा शिकलेला होता, म्हटलं ना.

शेवटी असं ठरलं की कागदावर काय आहे ते मोठ्याने वाचावं. मी नको, कारण मी बाहेरचा आणि वर मीच घोळ घातलेला. गावातलं ती अक्षरं वाचणारं माणूस एकच. सगळ्यांच्या माना बायकांच्या बाकाकडे वळल्या.

सेइल आपा उठली. कादिर अता जमिनीकडे बघत होते. मी मनात म्हटलं, संपलं. ही थोरलेच वाचणार. हिला दोष देऊन उपयोग नाही. घोडं मुळात मीच भलत्या दावणीला बांधलं होतं.

तिने पान डोळ्यांजवळ धरलं आणि वाचायला लागली. दोओतोवची वाक्यं लांब, पण ती कुठे अडली नाही. टेकडी आली, हसणारा गाव आला, भरलेला वाडगा आला. मग ती थांबली. डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

“देरकेम्बाय,” आपा म्हणाली.

जेमतेम ऐकू आलं. तिचं तोंड लाल झालं होतं, कपाळावर घाम आला होता, एखाद्या तरुण पोरीला भर चौकात उभं केल्यासारखी ती दिसत होती. पुढच्या ओळीत नाव पुन्हा आलं, तिने पुन्हा घेतलं. त्या पानावर ते बऱ्याचदा येतं. शेवटी शेवटी तर ती शेताच्या पलीकडच्या कडेला असलेल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात वाचत होती. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलं नाही.

वाचून ती खाली बसली. मला वाटलं, आता प्रश्नच मिटला.

साग्यन अतांनी दाढीवरून हात फिरवला. “सेइल,” ते म्हणाले, “तू इतकी वर्षं या गावात सून म्हणून वागलीस. कुणी बोट ठेवायला जागा नाही.”

“हो, अता.”

“आणि आज तू हे नाव सगळ्यांदेखत घेतलंस.”

“घेतलं.”

साग्यन अता एमिलबेककडे वळले. “झालं तर मग. सेइलसारखी सून सासऱ्याचं नाव कधी घेणार नाही. तिने घेतलं, म्हणजे हा कोण देरकेम्बाय असेल तो तिचा सासरा नव्हे. दुसराच कुणीतरी.”

रांगेतल्या टोप्या हलल्या. हे त्यांना पटलं होतं. खरंच पटलं होतं; त्यात लबाडी असती तर मला कमी राग आला असता.

“अहो, पण ती नसती बोलली तर?” मी ओरडलो.

“नाव न घेता अडखळून राहिली असती तर मी मानलं असतं,” साग्यन अता शांतपणे म्हणाले. “पण मग कागदावर ते नाव आहे हे कसं कळलं असतं?”

एमिलबेकने निकाल दिला. पाटाला ‘थोरल्यांचा पाट’ म्हणावं. नाव लोकांच्या तोंडी आहे, सगळ्या संकेतस्थळांवर आहे, आणि प्रत्येक घरात कुणी ना कुणी थोरले असतातच, त्यामुळे कुणाचाच अपमान होत नाही. टाळ्या पडल्या. तिन्ही भांडणारी घरं एकमेकांच्या गळ्यात पडली. कुणीतरी बोर्सोकची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची, परात फिरवली आणि माझ्याही हातात दोन कोंबले.

परतताना आम्ही पाटाच्या कडेने चाललो होतो. कादिर अता पुढे, काठी टेकत, त्यांच्या मागे आपा, सगळ्यांत मागे मी. मी एकदा “अता, मी पुन्हा सगळ्यांना लिहितो” असं म्हणालो, पण ते ऐकत नव्हते.

नव्या दरवाजापाशी ते थांबले. पाणी खाली जोरात पडत होतं. ते तिथल्या दगडावर बसले आणि त्यांनी दोन्ही तळवे वर धरले, दुवेसाठी धरतात तसे. पण म्हणाले काहीच नाही. मग मान वळवून बायकोकडे पाहिलं.

“मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं गं,” ते म्हणाले, “ते आपल्या माणसाच्या तोंडून कसं ऐकू येतं. आईने कधी घेतलं नाही. तू नाही. गावाने नाही. पुन्हा एकदा घे ना.”

आपाने इकडेतिकडे पाहिलं. पाटापलीकडे दोन बायका कपडे धूत होत्या. “काहीतरीच काय! तिथं एकदा झालं ते झालं. सासऱ्याचं नाव काय येताजाता घेऊ? लोक काय म्हणतील?”

“लोकांनी तर आत्ताच ठरवलं, तो तुझा सासरा नाही म्हणून,” कादिर अता म्हणाले. “घे आता, कुणाची भीती आहे?”

आपाने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती त्यांच्याशेजारी दगडावर बसली, दातांत धरलेलं रुमालाचं टोक सोडवलं आणि पाण्याच्या आवाजातही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिने नाव घेतलं. कपडे धुणाऱ्या बायकांनी वर पाहिलं. कादिर अतांनी तळवे तोंडावरून फिरवले आणि तिला म्हणाले, “पुन्हा.”